मेंदूतील रक्तवाहिन्या आणि चेतापेशींचा ऱ्हास: पोस्टडॉक करू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अल्झायमरच्या आजाराचे नाव निघाले की ज्याचा उल्लेख हटकून होतो, ते अमायलॉइड बीटा हे प्रथिन सर्वप्रथम वेगळे केले गेले ते मेंदूवरच्या आवरणातील रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून. जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी 1984 साली कॅलिफोर्नियात हे काम केले. चेतापेशींभोवती साठणाऱ्या गुठळ्यांमध्येही हेच प्रथिन असते हे लगेच पुढच्या वर्षी दिसले, आणि त्यानंतर पैसा, प्रयोगशाळा व होतकरू विद्यार्थी असा सगळाच ओघ त्या गुठळ्यांकडे वळला. रक्तवाहिन्या हा पक्षाघाताचा अभ्यास करणाऱ्यांचा प्रांत मानला गेला, आणि स्मृतिभ्रंशावर काम करणारे त्या वाटेला फारसे गेले नाहीत.

ही वाटणी मोडायला औषधेही कारणीभूत झाली. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या प्रतिपिंडाला 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या 1,795 रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी 12.6 टक्के लोकांच्या मेंदूत सूज आणि 17.3 टक्के लोकांच्या मेंदूत रक्तस्रावाच्या खुणा एमआरआयवर दिसल्या. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-4 या जनुकरूपाच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांत सुजेचे प्रमाण 32.6 टक्के होते. औषध वाहिन्यांच्या भिंतीत बसलेल्या अमायलॉइडलाही चिकटते आणि भिंत सैल पडते, हे त्यामागचे सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. त्यामुळे वाहिन्यांचा प्रश्न आता बाजूला ठेवता येत नाही, आणि या विषयात नव्याने येणाऱ्यांना जागाही आहे.

पीएच.डी. पूर्ण होत आलेले जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि संशोधनाकडे वळू पाहणारे डॉक्टर यांना डोळ्यांसमोर ठेवून पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या, पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: वाहिनी कोणती, हे ठरवा

"मला मेंदूतील रक्तवाहिन्या आणि स्मृतिभ्रंश यांवर काम करायचे आहे" या वाक्यातून दिशा कळते, विषय कळत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो आणि गाठीला जवळजवळ काहीच ठेवत नाही. म्हणून त्याच्या पुरवठ्याचे जाळे इतके दाट असते की माणसाच्या मेंदूतील नुसत्या केशवाहिन्यांची एकत्रित लांबी सुमारे 600 किलोमीटर भरते, म्हणजे मुंबईहून पणजी गाठावी इतकी. या जाळ्याचा प्रत्येक टप्पा वेगळ्या पेशींनी बनलेला असतो आणि वेगळ्या रीतीने आजारी पडतो, ही गोष्ट नवख्या माणसाने सर्वांत आधी मनात पक्की करावी.

मेंदूच्या पृष्ठभागावर पसरलेल्या धमन्यांतून धमनिका काटकोनात आत शिरतात. त्यांच्या भोवती अरेखित स्नायुपेशींची वलये असतात. पुढे केशवाहिन्यांचे जाळे लागते. तिथे स्नायूंची जागा पेरिसाइट या विरळ, लांब हातपाय असलेल्या पेशी घेतात, आणि आतल्या अस्तराच्या एंडोथेलियल पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातले बहुतेक रेणू बाहेर पडूच शकत नाहीत. यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात. बाहेरून अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पावलांचे, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या टोकांचे, वेष्टन असते, आणि शेवटी रक्त शिरांमध्ये जाते. अमायलॉइड भिंतीत साठतो तो मुख्यत्वे पृष्ठभागावरच्या आणि बाह्यकातल्या धमन्यांच्या स्नायुस्तरात, आणि तिथे तो बहुतांशी 40 अमिनो आम्लांच्या रूपात असतो. गुठळ्यांत मात्र 42 अमिनो आम्लांचे रूप अधिक सापडते. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाचा फटका मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या बारीक धमनिकांना बसतो. काडासिल हा आनुवंशिक आजार नॉच-3 या जनुकातील बिघाडाने होतो, हे 1996 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. त्यात धमन्यांच्या स्नायुपेशी झिजतात आणि ऐन चाळिशी-पन्नाशीत पक्षाघात व पुढे स्मृतिभ्रंश ओढवतो. केशवाहिन्यांच्या पातळीवरची हानी आणखी वेगळी असते: पेरिसाइट आकसतात, पांढऱ्या पेशी अडकून प्रवाह थांबतो, अडसर झिरपू लागतो.

या नकाशावर बोट ठेवून आपला प्रश्न एका वाक्यात लिहिण्याचा सराव करावा. त्या वाक्यात वाहिनीचा टप्पा, पेशीचा प्रकार, आजाराचा काळ आणि मोजण्याची गोष्ट या चारही बाबी आल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, "अमायलॉइडच्या गुठळ्या दिसू लागण्याआधीच केशवाहिन्यांवरील पेरिसाइट आकसतात का, आणि ते आकसणे थांबवले तर चेतापेशींचे जोड टिकतात का?" वाक्याचा दुसरा अर्धा भाग गाळू नये. चेतापेशी मेल्या की त्यांची रक्ताची मागणीच घटते. त्यामुळे आजारी मेंदूत रक्तप्रवाह कमी आढळला, एवढ्यावरून तो कारण आहे की परिणाम, हे सांगता येत नाही. या क्षेत्रातले बरेच लेख नेमके इथे थांबतात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्नही बहुधा यावरच येतो.

दुसरी पायरी: वाद वाचा

नवीन विषयात शिरताना आपण आढावालेख वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण आढाव्यात सगळे गुळगुळीत झालेले असते. त्याऐवजी तीन वाद निवडून त्यांतील दोन्ही बाजूंचे मूळ लेख, विशेषतः त्यांतील पद्धतींचे भाग, ओळीने वाचले तर दोन महिन्यांत या विषयाची जी जाण येते ती एरवी वर्षभरात येत नाही, असे माझे मत आहे.

पहिला वाद पेरिसाइटचा. चेतापेशी कामाला लागल्या की त्या भागाचा रक्तप्रवाह वाढतो, हे रॉय आणि शेरिंग्टन यांनी 1890 मध्येच मांडले होते. तो वाढवते कोण, हा प्रश्न शिल्लक होता. 2014 मध्ये लंडनच्या एका गटाने केशवाहिन्यांवरील पेरिसाइट आधी सैल होतात असे दाखवले. 2015 मध्ये येल विद्यापीठातील गटाने प्रवाह नियंत्रित करतात त्या धमनिकांवरच्या स्नायुपेशीच, पेरिसाइट आकसतच नाहीत, असा निष्कर्ष काढला. दोन्ही लेख शेजारी ठेवले की कळते, भांडण बरेचसे व्याख्येचे आहे. धमनिका संपून केशवाहिनी सुरू होते त्या पहिल्या काही फांद्यांवरच्या पेशींना एका गटाने पेरिसाइट म्हटले आणि दुसऱ्याने स्नायुपेशी. यातून शिकायचे ते हे, की आपल्या वहीत "केशवाहिनी" असे मोघम न लिहिता धमनिकेपासून कितवी फांदी, हे प्रत्येक वेळी लिहावे.

दुसरा वाद मेंदूतील कचरा वाहून नेण्याच्या व्यवस्थेचा. धमन्यांच्या भोवतालच्या पोकळीतून मेंदूजल, म्हणजे मेंदूभोवतीचा द्रव, आत शिरते आणि टाकाऊ प्रथिने धुऊन नेते, ही कल्पना 2012 मध्ये मांडली गेली आणि झोपेत ही धुलाई वाढते असे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. 2024 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील गटाने झोपेत आणि भुलेत ती कमी होते असे उलटेच मोजमाप दिले. मोजण्याची रीत बदलली की उत्तर कसे बदलते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

तिसरा वाद पेशीसंवर्धन करणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. मानवी मूलपेशींपासून मेंदूतील एंडोथेलियल पेशी बनवण्याची एक पद्धत 2012 पासून जगभर वापरात होती. त्या पेशींचा थर विजेला उत्तम विरोध करतो म्हणून त्या अडसराची हुबेहूब प्रतिकृती मानल्या गेल्या. 2021 मध्ये त्यांच्या जनुकांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा त्या बऱ्याच अंशी एपिथेलियल, म्हणजे शरीरातील दुसऱ्याच प्रकारच्या अस्तरासारख्या निघाल्या. ज्या प्रयोगशाळेत तुम्ही अर्ज करणार आहात तिथे अजून ही पद्धत वापरत असतील, तर ते या आक्षेपाला काय उत्तर देतात हे सभ्यपणे पण जरूर विचारावे.

तिसरी पायरी: प्रयोगशाळा निवडा

प्रश्नाचे वाक्य तयार झाले की प्रयोगशाळांची यादी आपोआप लहान होते. जिवंत उंदराच्या मेंदूतील वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे गट, माणसांच्या एमआरआयवर काम करणारे गट, जनुके व एकेका पेशीचे विश्लेषण करणारे गट आणि रुग्णालयाशी जोडलेले गट असे ढोबळ चार प्रकार आहेत. म्युनिक विद्यापीठाच्या रुग्णालयात पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश या दोहोंसाठी एकच संस्था आहे, आणि हे नावच या विषयाचा कल सांगून जाते. एडिंबरा येथील जोआना वॉर्डलॉ यांचा गट बारीक वाहिन्यांच्या आजाराच्या एमआरआयसाठी आणि त्यावरील औषधचाचण्यांसाठी ओळखला जातो. न्यूयॉर्कमध्ये वाइल कॉर्नेल येथे कॉस्टँटिनो आयाडेकोला यांच्या गटाने जास्त मीठ खाणाऱ्या उंदरांमध्ये आतड्यापासून मेंदूतील वाहिन्यांपर्यंत बिघाड कसा पोहोचतो, याची साखळी उलगडली.

भारतात राहून हे काम करायचे असेल तर बंगळूर हे स्वाभाविक केंद्र आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत 1995 पासून मानवी मेंदूंची पेढी आहे, आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा येथे गावकऱ्यांच्या वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातही चेताऱ्हासावर काम चालते. पुणे-मुंबईत पेशीजीवशास्त्र आणि सूक्ष्मदर्शनाची उत्तम कौशल्ये शिकता येतात, आणि ती घेऊन या विषयात येणे हाही एक चांगला मार्ग आहे. भारतातील 60 वर्षांवरील लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचे आपल्याकडचे प्रमाण पाहता त्यांतल्या वाहिन्यांच्या वाट्याचा शोध इथल्याच रुग्णांत घेणे हे मला परदेशी जाण्याइतकेच आकर्षक काम वाटते.

पत्र लिहिताना एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे अर्ज म्हणजे विनंतीअर्ज असतो. "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी" असे लिहून, सोबत गुणपत्रिका जोडून आपण मोकळे होतो. असे पत्र बहुधा उघडले जाते आणि मिटले जाते. त्याऐवजी पंधरा-वीस ओळींत त्यांच्या एका लेखातील नेमके कोणते निरीक्षण तुम्हाला अपुरे वाटले, त्यावर तुमचा प्रश्न काय आणि तुमच्या हातातले कोणते कौशल्य तिथे उपयोगी पडेल, एवढेच लिहावे. तुम्ही पीएच.डी. चेताशास्त्रात केलेली नसेल तर ते लपवू नये. द्रवगतिकी येणारा अभियंता किंवा प्रतिमांचे विश्लेषण लिहू शकणारा भौतिकशास्त्रज्ञ या प्रयोगशाळांना हवाच असतो.

बोलावणे आले की प्रमुखांशी बोलण्याइतकेच तिथून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्या पोस्टडॉकांशी बोलणे महत्त्वाचे आहे. ते आज कुठे आहेत, लेख निघायला किती वर्षे लागली, सूक्ष्मदर्शकावर आठवड्याला किती तास मिळत, उंदरांची हवी ती जात तयार होती की पैदाशीतच वर्ष गेले, आणि जाताना प्रकल्प सोबत नेऊ दिला का, हे प्रश्न त्यांना विचारावेत. गोल उत्तर मिळाले, तर तेही उत्तरच आहे.

चौथी पायरी: पैसा आणि पदवीची तारीख

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत घड्याळ तुमच्या पीएच.डी.च्या तारखेपासून चालू होते. एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संघटनेच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी पदवी मिळून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. भारत 2016 पासून त्या व्यवस्थेचा सहयोगी सदस्य असल्याने आपल्याला तो मार्ग खुला आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपसाठी पदवीनंतरचा संशोधनाचा काळ आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा, आणि ज्या देशात जायचे तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे. हा दुसरा नियम लक्षात न घेता "आधी वर्ष-दीड वर्ष तिथे नोकरी करू, मग अर्ज करू" असा विचार करणारे नेमके अपात्र ठरतात. अमेरिकेतील एफ-32 ही शिष्यवृत्ती नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच असते, पण अल्झायमर्स असोसिएशनच्या फेलोशिपला परदेशी संशोधकही अर्ज करू शकतात. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप आणि इंडिया अलायन्सची सुरुवातीच्या टप्प्यावरील फेलोशिप हे मुख्य मार्ग आहेत.

प्रबंध सादर करणे, मौखिक परीक्षा, तात्पुरते प्रमाणपत्र आणि पदवीदान या चार तारखांत आपल्या विद्यापीठांतून कधीकधी दीड वर्षाचे अंतर पडते. कोणती योजना यांतील कोणती तारीख धरते, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्यावे आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रासाठी परीक्षा विभागाचा पाठपुरावा सोडू नये.

पाचवी पायरी: पहिले वर्ष एका मोजमापाला द्या

येथे मी जास्त थांबणार आहे, कारण बहुतेकांचे हात इथेच पोळतात.

प्राण्यांवर काम करायचे तर आधी परवानगी आणि प्रशिक्षण लागते. भारतात संस्थेची प्राणी नीतिसमिती, ब्रिटनमध्ये गृहखात्याचा वैयक्तिक परवाना, अमेरिकेत संस्थेची प्राणी समिती, असे प्रत्येक देशाचे वेगळे दार आहे आणि त्यात काही महिने सहज जातात. हा काळ वाया गेला असे समजू नये. जुन्या प्रतिमा मागून घ्याव्यात आणि त्यांवर विश्लेषण शिकावे.

मग खिडकी. उंदराच्या कवटीचा तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढून तिथे काच बसवतात आणि त्यातून टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने आठवडे, कधी महिने, त्याच त्या वाहिन्या पुन्हा पुन्हा पाहता येतात. ड्रिल करताना हाड तापते आणि त्या उष्णतेने खालच्या वाहिन्यांना इजा होते, म्हणून थोडे ड्रिल करायचे, थंड सलाइन सोडायचे, थांबायचे, असे संयमाने करावे लागते. काच बसवल्यानंतर दोन ते तीन आठवडे मोजमाप घेऊ नये, कारण त्या काळात दिसणारा दाह शस्त्रक्रियेचा असतो. पहिल्या वीसेक खिडक्या धूसर होतात किंवा रक्ताने भरतात, हे गृहीत धरावे. म्हणून सराव मौल्यवान जनुकीय जातीच्या उंदरांवर करू नये.

दुसरी अडचण भुलेची. आयसोफ्लुरेन हे सोयीचे औषध आहे, पण ते मेंदूतील वाहिन्या रुंदावते आणि चेतापेशींच्या कामाला वाहिन्या जो प्रतिसाद देतात तो मंदावतो. माझ्या पहिल्या वर्षी मी तीन महिने भुलेतील मोजमापे घेतली, रोगी आणि निरोगी उंदरांत फरक दिसत नाही म्हणून खट्टू झालो, आणि शेवटी लक्षात आले की दोन्ही गटांतल्या वाहिन्या आधीच ताणून रुंद झालेल्या होत्या. आणखी रुंदावायला वावच नव्हता. जागत्या उंदराला डोके स्थिर ठेवून फिरत्या चाकावर उभे राहण्याची सवय लावायला एक-दोन आठवडे लागतात, आणि ते द्यावेत. भूल द्यावीच लागली तर शरीराचे तापमान 37 अंशांवर ठेवावे आणि श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडवर लक्ष ठेवावे, कारण तो वाढला की वाहिन्या फुगतात आणि तुम्हाला वाटते औषधाचा गुण आला.

तिसरी गोष्ट गणिताची आहे. नळीतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. 5 मायक्रॉन व्यासाची केशवाहिनी अर्ध्या मायक्रॉनने आकसली, तर व्यास फक्त 10 टक्क्यांनी घटतो, पण त्या तुकड्याचा विरोध सुमारे 52 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जैविक दृष्ट्या मोठा परिणाम प्रतिमेत अर्ध्या मायक्रॉनमध्ये दडलेला असतो. आणि तुमच्या प्रतिमेतील एक पिक्सेलही अर्ध्या मायक्रॉनचा असेल, तर तुम्ही परिणाम मोजता आहात की पिक्सेल, हे कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून व्यासासोबत लाल पेशींचा वेगही मोजावा, आणि आपल्या मोजमापाची पुनरावृत्ती किती जुळते हे एकाच निरोगी उंदरावर सलग पाच दिवस पाहून आधी नोंदवावे. अल्झायमरच्या उंदरांत प्रवाह थांबलेल्या केशवाहिन्या शंभरात जेमतेम दोन असतात, असे कॉर्नेल विद्यापीठातील गटाने 2019 मध्ये दाखवले, आणि अडकलेल्या पांढऱ्या पेशी सोडवताच मेंदूचा रक्तप्रवाह वाढला व स्मृतीच्या चाचण्यांतही फरक पडला. शंभरात दोन शोधायच्या, तर किती शेकडा वाहिन्या मोजाव्या लागतील याचा हिशेब प्रयोगाआधीच करावा.

एका उंदरातून तीनशे वाहिन्या मोजल्या म्हणून नमुना तीनशेचा होत नाही. नमुना एकाच उंदराचा राहतो. हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि तरी मोडला जातो. मिश्र-परिणाम प्रतिमाने (एकाच उंदरातील मोजमापे एकमेकांशी जोडलेली असतात हे धरणारी गणिते) वापरणारा संख्याशास्त्रज्ञ सुरुवातीलाच गाठावा.

उंदीर निवडतानाही घाई नको. 5-एक्स-एफएडी या लोकप्रिय जातीत दोन महिन्यांतच गुठळ्या दिसू लागतात. निकाल लवकर मिळतात, पण तरुण उंदराच्या वाहिन्या म्हणजे सत्तरीतल्या माणसाच्या वाहिन्या नव्हेत. बारीक वाहिन्यांतील अमायलॉइडसाठी वेगळ्या जाती आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या मानेच्या धमन्यांवर 0.18 मिलिमीटर अंतर्व्यासाची बारीक वेटोळी बसवून रक्तपुरवठा दीर्घकाळ कमी ठेवण्याचे प्रतिमान श्वेतद्रव्याच्या, म्हणजे मेंदूतील चेतातंतूंच्या पांढऱ्या भागाच्या, हानीसाठी वापरतात. अठरा महिन्यांचे उंदीर हवे असतील तर ते आजच वाढवायला घ्यावेत.

सहावी पायरी: ऊतीतील फसवे रंग

अडसर झिरपतो का, हे पाहण्यासाठी रक्तात रंग सोडण्याची युक्ती पॉल एर्लिक यांच्या 1885 च्या प्रयोगांपासून चालत आली आहे. इव्हान्स ब्लू हा नेहमीचा रंग रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून फिरतो, त्यामुळे त्याने मोठी गळती कळते आणि लहान रेणूंची गळती निसटते; निरनिराळ्या आकारांचे डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या साखळ्यांचे रेणू, वापरले तर चित्र अधिक खरे मिळते. मेंदू काढण्यापूर्वी रक्त नीट धुतले गेले नाही, तर वाहिनीत उरलेले फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन बाहेर झिरपल्यासारखे भासते. पेरिसाइट ओळखण्यासाठी एकाच खुणेवर विसंबू नये: एनजी-2 हे प्रथिन ऑलिगोडेंड्रोसाइटच्या, म्हणजे चेतातंतूंवर वेष्टन घालणाऱ्या पेशींच्या, पूर्वपेशींवरही असते. एकेका पेशीच्या केंद्रकांचे विश्लेषण करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की नेहमीच्या पद्धतीत वाहिन्यांच्या पेशी फार थोड्या हाती लागतात. म्हणूनच 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी मेंदूतील वाहिन्यांच्या नकाशासाठी आधी वाहिन्या वेगळ्या करून मग केंद्रके काढण्याची निराळी रीत तयार करावी लागली.

सातवी पायरी: माणसाकडे परत या

उंदरातील निष्कर्ष मानवी ऊतीत किंवा एमआरआयमध्ये तपासून पाहण्याची सोय पहिल्या वर्षापासूनच शोधावी, कारण मेंदूपेढीची परवानगी आणि नीतिसमितीची मंजुरी यांना वेळ लागतो. श्वेतद्रव्यातील पांढरे डाग, लहान पोकळ्या, सूक्ष्म रक्तस्राव आणि वाहिन्यांभोवतीच्या रुंदावलेल्या जागा यांना कोणती नावे द्यायची आणि कसे मोजायचे, याचे स्ट्राइव्ह नावाचे आंतरराष्ट्रीय निकष 2013 मध्ये ठरले आणि 2023 मध्ये सुधारले गेले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यानेही ते वाचावेत, म्हणजे रेडिओलॉजिस्टशी एका भाषेत बोलता येते. वृद्धांच्या मेंदूत अमायलॉइड, टाऊ (चेतापेशींच्या आत साठणारे प्रथिन) आणि वाहिन्यांचे आजार बहुधा एकत्रच नांदतात, त्यामुळे "शुद्ध" अल्झायमरचे नमुने शोधत बसू नये. जे सोबत आहे त्याची नोंद ठेवावी.

वैद्यकीय पार्श्वभूमीच्या वाचकांनी अमेरिकेतील स्प्रिंट-माइंड चाचणी मुळातून वाचावी. वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट कमी आढळली, पण संभाव्य स्मृतिभ्रंशातील घट संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही. चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली गेली, याचा त्या निकालाशी काय संबंध असावा, यावर विचार करून पाहावा.

आठवी पायरी: नोंदी, लेख आणि निघण्याची तयारी

अल्झायमर संशोधनातील 2006 चा एक फार गाजलेला लेख प्रतिमांत फेरफार आढळल्यामुळे 2024 मध्ये मागे घेतला गेला. नियतकालिके आता मूळ प्रतिमा मागतात आणि त्यांनी मागाव्यातच. सूक्ष्मदर्शकातून निघालेली मूळ फाइल, तिच्यावर केलेली प्रत्येक प्रक्रिया आणि विश्लेषणाचा कोड एकाच जागी, तारखेसह, संस्थेच्या सर्व्हरवर ठेवावा. स्वतःच्या लॅपटॉपवरची प्रत ही सोय समजावी, जतन नव्हे. गट कोणता हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून मोजणी करून घ्यावी, आणि ती कोणी व कधी केली हेही लिहावे.

प्रकल्पाचा कोणता भाग तुम्ही पुढे स्वतंत्रपणे चालवणार, हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रमुखांशी बोलून ईमेलवर नोंदवून घ्यावे. उंदरांची जात सोबत न्यायची असेल तर दोन संस्थांमधील साहित्य-हस्तांतरणाचा करार, विलगीकरण आणि नव्या जागी पैदास यांत वर्ष जाऊ शकते. ते काम शेवटच्या महिन्यावर टाकू नये. गोठवलेल्या मेंदूंच्या प्रत्येक नळीवर उंदराचा क्रमांक, वय, लिंग, जनुकरूप आणि रक्त धुतले होते की नाही, हे न पुसणाऱ्या शाईने लिहावे आणि त्याची यादी उणे 80 अंशांच्या फ्रीजरच्या दारावर चिकटवून मगच किल्ली परत करावी.